झुलू (कुलनाम)

झुलू : दक्षिण आफ्रिकेतील न्गुनी लोकांमधील एक कुलनाम. मुळात एका लहान कुळाचे असलेले हे नाव एकोणिसाव्या शतकात एका राज्यास व पुढे संपूर्ण लोकसमूहास प्राप्त झाले. झुलू भाषेत ‘इझुलू’ म्हणजे आकाश. त्यावरून ‘आमाझुलू’ याचा अर्थ आकाशाचे लोक असा सांगितला जातो. तथापि परंपरेनुसार हे कुलनाम मालांदेला याच्या झुलू नावाच्या पुत्रावरून पडले. झुलूचा भाऊ क्वाबे हा क्वाबे कुळाचा मूळपुरुष मानला जातो.

कुलनामास झुलू भाषेत ‘इसिबोंगो’ म्हणतात. स्तुती करणे, आभार मानणे या अर्थाच्या ‘बोंगा’ या धातूशी हा शब्द संबद्ध आहे. कुलनाम पित्याकडून अपत्यांस मिळते. समान कुलनाम असलेल्या स्त्रीपुरुषांत विवाह निषिद्ध असतो. विवाहानंतरही स्त्रीची ओळख परंपरेने पितृकुळावरूनच राहते, उदा., खुमालो कुळातून आलेल्या पत्नीस ‘माखुमालो’ असे संबोधतात.

प्रत्येक कुलनामाबरोबर ‘इझिथाकाझेलो’ ही गौरवपर संबोधने चालत येतात. त्यांत पूर्वजांची नावे गुंफलेली असतात. झुलू कुळासाठी ‘न्दाबेझिथा’ व ‘मागेबा’, खुमालोंसाठी ‘म्न्तुंग्वा’, तर बुथेलेझींसाठी ‘शेंगे’ ही संबोधने रूढ आहेत. यांपैकी मागेबा हा शाकाचा पूर्वज होय. लेखनकला प्रचारात नसताना वंशस्मृती टिकविण्याचे कार्य या संबोधनांनी केले. शेजारच्या खोसा भाषकांतही अशीच प्रथा असून, नेल्सन मंडेला यांचे ‘मादिबा’ हे संबोधन त्यांच्या कुळाचेच आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस झुलू हे अनेक कुळांपैकी एक लहान कूळ असून म्थेथ्वांचा प्रमुख डिंगिस्वायो याच्या वर्चस्वाखाली होते. सु. १८१६ मध्ये शाका (सु. १७८७–१८२८) कुळाचा प्रमुख झाला. डिंगिस्वायोच्या मृत्यूनंतर त्याने न्द्वांद्वेंचा पराभव करून अनेक कुळे आपल्या सत्तेखाली आणली. सैन्याच्या तुकड्या कुळानुसार न रचता वयोगटानुसार रचल्यामुळे कुलनिष्ठेवर राजनिष्ठेने मात केली. जित कुळांची नावे मात्र नष्ट झाली नाहीत. राष्ट्राने झुलू असलेली व्यक्ती कुळाने म्खिझे, झोंडी वा बुथेलेझी राहिली. शाकापासून फुटून निघालेल्या खुमालो कुळातील म्झिलिकाझी याने न्देबेले राज्य स्थापिले. ते पुढे आजच्या झिंबाब्वेत स्थिरावले व तेथे खुमालो हेच राजकुलनाम झाले.

ब्रिटिशांबरोबरच्या १८७९ च्या युद्धात झुलूंचा पराभव झाला. झुलूलँड १८८७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात व १८९७ मध्ये नाताळ वसाहतीत विलीन करण्यात आले. यूरोपीय पद्धतीच्या दप्तरांत इसिबोंगोची नोंद आडनाव म्हणून होऊ लागली व तीच पद्धत रूढ झाली. तथापि विवाह, अंत्यविधी व पूर्वजपूजन या प्रसंगी कुलसंबोधनांचे उच्चारण आजही महत्त्वाचे मानले जाते. त्यामुळे झुलू हे नाव राज्याच्या एकीकरणाचा, तर इतर कुलनामे त्यापूर्वीच्या स्वतंत्र कुळांचा इतिहास जतन करतात.