हेसियन : नाव जर्मनीचे, ताग बंगालचा

कोलकात्याच्या ताग व्यापारात ‘हेसियन’ हा नित्याचा शब्द आहे. गोणपाटाच्या या हलक्या, साध्या विणीच्या प्रकाराला मध्य जर्मनीतील हेसेन या प्रदेशाचे नाव मिळाले आहे. मुळात हे जाडेभरडे कापड तागाचे नव्हतेच; जवस व भांगेच्या तंतूंपासून ते विणले जाई.

हेसेनची सत्ता फार काळ एकसंध राहिली नाही. १५६७ मध्ये फिलिप पहिला मरण पावल्यावर त्याच्या चार पुत्रांत राज्य वाटले गेले. त्यांपैकी हेसे-कासेलच्या शासकांनी आपले सैनिक परराष्ट्रांना भाड्याने देण्याचा व्यवसायच मांडला. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटनने सुमारे ३० हजार जर्मन सैनिक आणले. त्यांत निम्म्याहून अधिक हेसेनचे असल्याने साऱ्यांनाच ‘हेसियन’ म्हटले जाई. मोबदला अर्थातच शासकाच्या खजिन्यात जमा होई. १८६६ मध्ये प्रशियाने हेसे-कासेल खालसा केले. आजचे हेसेन राज्य दुसऱ्या महायुद्धानंतरचे असून त्याची राजधानी वीसबाडेन आहे. गंमत अशी की, ‘ऱ्हाइन-हेसेन’ हा भाग मात्र शेजारच्या राज्यात मोडतो.

कापडात ताग शिरला तो स्कॉटलंडमधील डंडी येथे. बंगालहून येणारा हा ठिसूळ तंतू यंत्रावर तुटे. १८३० च्या दशकात तो देवमाशाच्या तेलाने मऊ करण्याची युक्ती तेथे साधली. डंडी हे देवमाशांच्या शिकारीचे बंदर असल्याने तेल हाताशी होते. पुढे क्रिमियन युद्धामुळे रशियन जवस दुर्मिळ झाला आणि तागाचे फावले. त्याच सुमारास, १८५५ मध्ये, हुगळीकाठी रिश्रा येथे भारतातील पहिली ताग गिरणी उभी राहिली. कच्चा माल व मजूर जवळच असल्याने कालांतराने हुगळीकाठच्या गिरण्यांनी डंडीला मागे टाकले.

१९४७ च्या फाळणीने या धंद्याचे दोन तुकडे केले : गिरण्या भारतात, तर उत्तम तागाची बहुतेक शेते पूर्व बंगालमध्ये. १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने ते नाकारले. व्यापार ठप्प होऊन गिरण्यांना ताग मिळेनासा झाला. तेव्हा पश्चिम बंगाल, आसाम व बिहारमध्ये तागाची लागवड वाढवावी लागली.

सरकारी धान्याची पोती हेसियनची नसतात. ती ‘सॅकिंग’ नावाच्या अधिक जाड कापडाची असतात. अशा कापडासाठी इंग्रजीत रूढ असलेला ‘गनी’ हा शब्द मात्र आपल्या ‘गोणी’वरूनच तिकडे गेला आहे.