पांडवलेण्यांतील पाहुण्यांची भाषा

परदेशी प्रवासी आपल्याकडे आला की एक प्रश्न हमखास विचारतो : या देशात भाषा तरी किती? राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ आहेत. दहा हजारांहून अधिक लोक बोलतात अशा १२१ भाषा २०११ च्या जनगणनेने नोंदविल्या. परंतु या आकड्यांनी त्याचे समाधान होत नाही. इतक्या भाषांची माणसे एकत्र नांदतात कशी, हे त्याला जाणून घ्यायचे असते. याचे एक प्राचीन उत्तर अंबडच्या शेजारी, त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांत कोरलेले आहे.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत हा प्रदेश काही काळ क्षहरात क्षत्रप नहपानाच्या ताब्यात होता. त्याचा जावई उषवदात हा शक, म्हणजे मूळचा परका. दहाव्या लेण्यातील त्याचा लेख प्रवाशांनी तर अवश्य समजून घ्यावा. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने धर्मशाळा बांधल्या. तापी, दमण, डहाणू इत्यादी नद्यांवर फुकट तरीची सोय केली. या पुण्यकर्मांची यादी त्याने संस्कृतात दिली आहे. परंतु गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापणे ठेवून त्यांच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रादिकांची तरतूद केली, तो लेख मात्र प्राकृतात आहे. कीर्तीसाठी संस्कृत आणि देण्याघेण्यासाठी प्राकृत, हा भेद मोठा बोलका होय. व्यवहार ज्यांच्याशी करायचा, त्यांना समजेल असेच बोलावे लागते!

सतराव्या लेण्याचा दाता याहूनही दूरचा. धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील दत्तामित्री गावचा. तो स्वतःला ‘योनक’, म्हणजे यवन म्हणवितो. ग्रीकांशी नाते सांगणारा हा मनुष्य आपले मूळ लपवीत नाही. पण ते सांगतो प्राकृतातच. आणि याच डोंगरावर, तिसऱ्या लेण्यात, राजमाता गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राला शक, यवन व पल्हवांचा संहारक म्हणून गौरविले आहे! तोही लेख प्राकृतातच. राज्यासाठी रणांगणावर भांडणाऱ्यांना भाषा मात्र एकच पुरली.

यावरून पाहुण्याने आपली बोली विसरावी, असा अर्थ कोणी काढू नये. नाशिक जिल्ह्यातच बागलाण-मालेगावकडे अहिराणी, तर पेठ-सुरगाण्याकडे कोकणा बोली नांदते. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीला मराठीहून वेगळ्या, भिल्ली भाषांच्या खंडात १९०७ साली स्थान दिले. परंतु म्हणून अहिराणी बोलणाऱ्याचे मराठीशी नाते तुटले नाही. घरची बोली आणि चव्हाट्याची भाषा या दोहोंना एकाच माणसाच्या तोंडी जागा असते.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आज खानदेशी, हिंदी, भोजपुरी असे अनेक बोल कानी पडतात. त्यांत मराठी टिकेल काय, अशी चिंता पुष्कळांना वाटते. ती चिंता खोटी नव्हे. परंतु नुसत्या दटावणीने भाषा कोणाच्या जिभेवर बसत नाही. जिच्यात पगार मोजला जातो, उधारी मिळते, तक्रार ऐकून घेतली जाते, ती भाषा माणूस आपण होऊन शिकतो. आलेल्याशी आपणच पहिल्या वाक्यापासून मराठी सोडून बोललो, तर तो ती शिकणार कोणाकडून? इंद्राग्निदत्ताला येथल्या भाषेत लिहावेसे वाटले, कारण येथले लोक ती बोलत होते.