होशंगाबादचा विज्ञान-उपक्रम

विज्ञान म्हणजे पाठ करावयाच्या व्याख्या, हा समज आपल्याकडे फार जुना. नर्मदेकांठच्या होशंगाबाद जिल्ह्यानें (आतांचें नर्मदापुरम्) त्याला तीस वर्षें आव्हान दिलें. १९७२ सालीं 'किशोर भारती' व रसूलियाचें 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनीं मध्य प्रदेश सरकारच्या अनुमतीनें तेथील सहावी ते आठवीच्या १६ शाळा हातीं घेतल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञ व दिल्ली विद्यापीठांतील अध्यापक त्यांच्या साह्यास आले.

'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत प्रश्न होते, प्रयोगाची रीत होती. उत्तर मात्र छापलेलें नव्हतें. चार-चार मुलांच्या गटानें तें शोधावयाचें आणि वहींत लिहावयाचें. संभाव्यता शिकावयाची तीसुद्धां नाणीं उडवून, छापा किती नि कांटा किती याची नोंद ठेवून!

साहित्यासाठीं महागड्या उपकरणांची वाट पाहण्याचें कारण नव्हतें. १९७८ सालीं पुण्याच्या टेल्को कारखान्यांतील तरुण अभियंते अरविंद गुप्ता रजा घेऊन तेथें गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, आगकाड्या व बाभळीचा कांटा, एवढ्या भांडवलावर त्यांनीं भूमिति उभी केली. नळीचे तुकडे हे सांधे, काड्या या भुजा. सांध्याला कांट्यानें भोंक पाडलें कीं आणखी एक भुजा बसते. चौकोन बोटानें ढकलला कीं कलतो. त्रिकोण जागचा हालत नाहीं. लोखंडी पुलांत नि छपराच्या कैचींत त्रिकोण कां असतात, हें मग मास्तरांनीं निराळें सांगावें कशाला?

तथापि या उपक्रमाचें मर्म साहित्याच्या पेटींत नव्हतें. तें परीक्षेंत होतें. घोकलेलेंच विचारावयाचें असेल, तर शिक्षक प्रयोगाचें कपाट उघडील तरी कां? येथें आठवीच्या परीक्षेस मुलें पुस्तक व वही उघडी ठेवून बसत, आणि प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवावा लागे. शिक्षकाचेंही आसन डळमळलें. 'ठाऊक नाहीं, करून पाहूं' असें वर्गासमोर म्हणणें त्याला शिकावें लागलें, आणि तें सोपें नव्हतें. राहिलेल्या शंका मुलें 'सवालीराम' नांवाच्या काल्पनिक गृहस्थास पत्रानें कळवीत.

१९७८ मध्यें हा क्रम जिल्ह्यांतील अशा सर्व शाळांत गेला. १९८२ सालीं स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेनें पुढें त्याची धुरा वाहिली, आणि तो इतर जिल्ह्यांतही पसरला. २००२ सालीं राज्य सरकारनें तो बंद केला. उत्तरें न छापणारें पुस्तक वर्गांतून गेलें. काड्या-नळ्यांची विद्या मात्र गुप्ता यांच्याबरोबर पुण्यास परतली, व आयुकाच्या 'मुक्तांगण विज्ञान शोधिके'त अनेक वर्षें मुलांच्या हातीं खेळत राहिली.