पाचशे चार

आमच्या घरात सध्या ५०४ हा आकडा फ्लॅट नंबरसारखा उच्चारला जातो. "पाचशे चारची मीटिंग कधी आहे?" असं बायकोने विचारलं की भारतातून आलेल्या माझ्या आईला वाटतं, कुणाकडे तरी जेवायला जायचंय. मुलगा दुसरीत आहे. हुशार आहे, पण एका जागी बसणं आणि हातातलं काम शेवटपर्यंत नेणं त्याला जमत नाही. डॉक्टरांनी त्याला एडीएचडी हे नाव दिलं. नेहमीच्याच वर्गात बसून त्याला काय मदत मिळेल हे लिहिलेला शाळेचा कागद, तो पाचशे चार. मी पडलो कॉम्प्युटरवाला. कुठलीही सिस्टिम हातात आली की तिचं पहिलं व्हर्जन कुणी लिहिलं ते शोधायची खोड. तसाच हा कागद खणत गेलो.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," आई म्हणते. नाव नव्हतं, मुलं होती. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवरता न येणाऱ्या मुलांवर व्याख्यानं दिली होती. १९३७ मध्ये ऱ्होड आयलंडच्या डॉ. चार्ल्स ब्रॅडलींनी ३० मुलांना बेन्झेड्रिन देऊन पाहिलं आणि निम्म्या मुलांचा अभ्यास सुधारलेला दिसला. डॉक्टर असे पुढे सरकत होते. शाळा मात्र अशा मुलांना सरळ घरी पाठवत होत्या.

हे थांबवलं ते कोर्टाने. वॉशिंग्टन डी.सी.मधल्या सात मुलांच्या वतीने शाळा मंडळावर खटला भरला गेला. मंद, वात्रट, हायपरॲक्टिव्ह अशी लेबलं लावून मुलांना शाळेबाहेर ठेवलं जात होतं. सातही मुलं कृष्णवर्णीय होती. मंडळाचं उत्तर ठरलेलं: पैसे नाहीत. १ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायाधीश जोसेफ वॅडी यांनी निकाल दिला. त्याचा अर्थ असा, की पैसे कमी असतील तर तुटवडा सगळ्यांनी वाटून घ्या. त्याचा जास्त भार या मुलांवर टाकता येणार नाही. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा दिवस वाटतो. कायदे नंतर आले.

१९७३ च्या पुनर्वसन कायद्यात ५०४ हे कलम आलं: सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने अपंगत्वावरून भेदभाव करायचा नाही. पण नियमांवर सही होईना. शेवटी एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी कचेरीत शंभराहून अधिक अपंग माणसं ठाण मांडून बसली, आणि तीन आठवड्यांहून जास्त हलली नाहीत. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी ज्युडी ह्यूमन यांना लहानपणी व्हीलचेअरमुळे शाळेने नाकारलं होतं; कारण काय, तर आग लागली तर धोका! २८ एप्रिलला सही झाली.

मधल्या काळात, १९७५ मध्ये, पब्लिक लॉ ९४-१४२ आला. तेव्हा देशात दहा लाख मुलं शाळेबाहेरच होती. गंमत बघा, १९७२ च्या खटल्यात 'हायपरॲक्टिव्ह' शब्द होता, पण या कायद्याच्या यादीत आमच्या पोरासारख्यांचं नावच नाही. १९९० मध्ये पालकांनी ते घालायचा प्रयत्न केला. विरोधही झाला, आणि त्यातली एक भीती खोटी नव्हती: कृष्णवर्णीय मुलांवर आणखी एक शिक्का बसेल. सप्टेंबर १९९१ मध्ये शिक्षण खात्याने पत्रक काढून सांगितलं की ही मुलंही मदतीला पात्र ठरू शकतात. नियमांत नाव छापून यायला १९९९ उजाडलं. आणि २००८ च्या दुरुस्तीत 'एकाग्र होणं' ही जगण्यातली एक मूलभूत क्रिया आहे, असं कायद्यातच लिहिलं गेलं.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. डिस्लेक्सियासारख्या अडचणी त्यात आल्या, एडीएचडीचं नाव नाही.

हे सगळं मी लिहितोय, कारण आपल्या मंडळींत हा विषय निघाला की आवाज खाली जातो. "रेकॉर्डवर येईल हो." "ग्रीन कार्डला अडचण नको." हा हक्क मुलाचा आहे, आईवडिलांच्या व्हिसाशी त्याचा संबंध नाही. दुसरं वाक्य आम्हाला शाळेतच ऐकायला मिळालं: मार्क चांगले आहेत, मग कशाला हवं? शिक्षण खात्याने जुलै २०१६ च्या मार्गदर्शनात स्पष्ट केलं होतं की मार्क चांगले असले तरी मूल पात्र ठरू शकतं. घरी रोज तीन तास रडारड करून आलेले मार्क तर त्याहून वेगळीच गोष्ट. आम्ही तारीख घालून लेखी पत्र दिलं. तोंडी बोलण्यावर महिने गेले होते, पत्रावर लगेच हालचाल झाली.

आमच्या कागदावर चारच ओळी आहेत. बाईंच्या जवळची जागा. एका वेळी एकच सूचना. परीक्षेला जादा वेळ. आणि मधेच पाय मोकळे करायला काहीतरी काम. ती चौथी ओळ मुलाने स्वतः भरून घेतली: लायब्ररीची पुस्तकं परत नेऊन द्यायची. पुढच्या वर्षी बाई नवीन असतील, म्हणून मे महिन्यातच पुन्हा बैठक मागितली आहे.