घरपट्टी, सनद आणि सुनावणी

सणसवाडीचे नाव आज कारखान्यांमुळे घेतले जाते. पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्यामध्ये वसलेले शिरूर तालुक्यातले हे गाव. शेतांच्या जागी शेड आली, कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उठल्या, जमिनीचे भाव चढले. भाव चढले की घरपट्टीही चढते. ज्याचे घर आजोबांपासून गावठाणात आहे, ज्याने जमीन विकली नाही की खोली भाड्याने दिली नाही, त्यालाही ही वाढ चुकत नाही. अशा वेळी माणसे बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतात. कुरकुरत भरतात, नाहीतर रागाने भरतच नाहीत. हरकत घेण्याचा तिसरा मार्ग कायद्यात आहे, पण तो फार थोडे धरतात. हा मार्ग सोडणे आपल्याला किती महाग पडते, हे इतिहासात दिसते.

मराठी मुलखात घर, दुकान आणि धंद्यावरच्या जुन्या कराला मोहतर्फा म्हणत. शब्द अरबीतून आला. त्याच्या मुळाशी 'हिरफत' आहे, म्हणजे कसब, धंदा. मोमीन, पिंजारी, आतार, तांबोळी ही आज आपली आडनावे आहेत. त्या काळी ती कसबाची नावे होती आणि कसब म्हटले की कर आलाच. पण माफीही होती. नवी पेठ वसवायची असली की सरकार कौल देई आणि येऊन राहणाऱ्यांना काही वर्षे करातून सूट मिळे. माफी मर्जीने मिळे खरी, पण कौलाचा कागद हाती असला की ती मागता येई. मुंबई इलाख्यात धंद्यांवरचे असे कर १८४४ च्या १९ व्या कायद्याने उठवले गेले.

कागदाची खरी परीक्षा त्यानंतर झाली. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. प्रश्न जमिनीच्या साऱ्याचा होता, घरपट्टीचा नव्हता. पण माफी तपासण्याची रीत तीच. काझी, मुलाणी, दर्ग्याचे मुजावर, देवळाचे पुजारी, देशमुख, कुलकर्णी या सर्वांना विचारले गेले : सारा माफ आहे म्हणता, तर सनद कुठे आहे? पुरावा देण्याचे ओझे इनामदारावर होते. समोर सरकारच्या हाती पेशवे दफ्तराचे रुमाल होते. ज्याची सनद दफ्तराशी जुळली त्याचे निभावले. ज्याच्याकडे फक्त 'बापजाद्यांपासून चालत आले आहे' एवढेच होते, त्याचे कठीण झाले. १८६३ च्या दुसऱ्या कायद्याने तडजोड निघाली. चौकशी नको असेल तर आकाराच्या चौथ्या हिश्शाइतकी जुडी आणि वर नजराणा भरा, इनाम कायम राहील.

त्याच १८५२ च्या कायद्यात एक नियम असा होता की मशिदी, देवळे आणि अशा कायमस्वरूपी संस्थांच्या खर्चासाठी असलेल्या जमिनी पुढे चालू ठेवाव्यात. मशीद आणि देऊळ एकाच ओळीत, एकाच नियमाखाली. आपल्याकडे अनेक गावांत मशिदीच्या वा दर्ग्याच्या इनामाची नोंद आजही दिसते, तिचा धागा या चौकशीपर्यंत जातो. म्हणून मला नेहमी वाटते की आपल्या समाजाने जुन्या इमारती जपाव्यात, पण त्याआधी जुने कागद जपावेत.

घरावरच्या कराला विरोध करण्याचीही परंपरा आहे. कंपनी सरकारने १८१० मध्ये बनारसवर घरपट्टी बसवली, तेव्हा हिंदू-मुसलमान दोघेही कामधंदा सोडून उघड्यावर धरणे धरून बसले. लोहारांनी काम थांबवले, नावाड्यांनी नावा बंद केल्या. शेवटी तो कर मागे घ्यावा लागला. १८१६ मध्ये बरेलीत चौकीदारी करावरून मुफ्ती मुहम्मद ऐवज यांच्या पुढाकाराने असाच विरोध झाला, पण तिथे गोळ्या चालल्या आणि शेकडो माणसे गेली. त्या लोकांना दाद मागायला धरण्याखेरीज फारसे काही नव्हते. आपल्याला आहे.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे १२४ वे कलम पंचायतीला घरपट्टी बसवण्याचा अधिकार देते आणि त्याच कलमात आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करण्याचा हक्कही आहे. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, यादी प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात. डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांपासून आकारणी भांडवली मूल्यावर होते. जागेचा आणि बांधकामाचा सरकारी दर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, घराचे वय आणि वापर यांवरून ती ठरते. चूक शोधायची ती इथेच. मातीचे घर आरसीसी म्हणून लागले आहे का? मागचे पडके दालन मोजले आहे का? चाळीस वर्षांच्या घराचा घसारा धरला आहे का? राहते घर व्यापारी वापरात टाकले आहे का? 'कर फार आहे' ही तक्रार टिकत नाही. 'क्षेत्रफळ चुकले आहे, ही मोजणी पाहा' ही टिकते. हरकत मुदतीत, लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

सवलतीचेही तसेच आहे. पुणे महापालिकेत स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून ४० टक्के सवलत होती. ती मध्यंतरी बंद झाली आणि २०२३ मध्ये परत आली. पण ज्यांची गेली होती त्यांना पीटी-३ अर्ज पुराव्यासह भरावा लागला. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ करण्याची राज्याची योजना आहे, तिलाही अर्ज आणि दाखला लागतो. प्रार्थनास्थळांबाबत शहरांचे कायदे स्पष्ट आहेत. केवळ सार्वजनिक उपासनेसाठी वापरलेला भाग सर्वसाधारण करातून मुक्त; पण जिथे धंदा चालतो किंवा भाडे येते तो भाग मुक्त नाही. मशिदीखालचे गाळे आणि मशीद यांचा हिशेब विश्वस्तांनी वेगळा ठेवला नाही, तर सरसकट आकारणी झाल्यावर तक्रार कुणाकडे करणार?

रागाने कर न भरण्याने तर दुहेरी नुकसान होते. मागणीचे बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत पंचायतीचा कर न भरणारा माणूस याच कायद्याच्या १४ व्या कलमानुसार पंचायतीचा सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरतो. गावात चार-दोन घरे असलेल्या समाजाला एक सदस्य निवडून आणणेही कठीण असते. तो थकबाकीपायी घालवणे परवडत नाही. अपील चालू असले तरी बिल थकवू नये.

शेवटचा मुद्दा नावाचा. नमुना ८ चा उतारा हा मालकीचा निर्णायक पुरावा नाही. न्यायालये ते वारंवार सांगतात. तरीही घराची नोंद कुणाच्या नावावर, किती फुटांची आणि कधीपासून, हे सांगणारा गावातला पहिला कागद तोच असतो. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली तरी उताऱ्यावर त्यांचेच नाव, बहिणींचे आणि विधवा सुनेचे नाव कुठेच नाही, असे आपल्याकडे घरोघरी आढळते. इनाम कमिशनसमोर ज्यांचे गेले, त्यातल्या कित्येकांचा हक्क खोटा नव्हता. त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हते. फेरआकारणीची यादी लागेल तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन आपली ओळ वाचा. नाव, क्षेत्रफळ, प्रकार, वापर. चुकले असेल तर त्याच मुदतीत लिहून द्या.