पंचनिवाडा ते मध्यस्थी : व्यापारी न्यायाची वाटचाल

व्यापार हा विश्वासावर चालतो. तथापि जेथे देवघेव आहे, तेथे मतभेद अटळ आहेत. नमुन्याप्रमाणे माल न उतरणे, हिशेबात तफावत निघणे, हुंडी न सकारणे, असे तंटे सर्व काळी उद्भवत आले. ते मिटविताना व्यवहार व संबंध दोन्ही कसे राखावेत, हाच खरा प्रश्न होय.

पेशवाईत दिवाणी तंटे प्रामुख्याने पंचायतीपुढे चालत. हिशेबाचा वाद असल्यास पंच म्हणून सावकार बसत. निर्णय मान्य करण्याविषयी वादी-प्रतिवादी आरंभीच राजीनामा लिहून देत, जामीन देत; अखेरीस पंच आपला 'सारांश' सादर करीत. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ च्या अहवालात या पद्धतीतील दिरंगाईचा दोष दाखविला. तरीही लोकांचा तिच्यावरील विश्वास ओळखून ती टिकविण्याची शिफारस केली. परंतु पुढे न्यायालये स्थिरावली आणि पंचायत मागे पडली.

व्यापाऱ्यांची गरज मात्र उरलीच. १८९९ च्या लवाद कायद्याने मुंबई, कलकत्ता, मद्रास या इलाखा शहरांतील लवादास अधिष्ठान दिले. १९४० च्या कायद्याने ही व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू केली. त्यात एक उणीव होती. निवाड्याची अंमलबजावणी करण्यासाठी न्यायालयाचा हुकूमनामा मिळवावा लागे. परिणामी जो कज्जा टाळण्यासाठी लवाद नेमावा, तोच पुन्हा कोर्टात उभा राही. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या स्थितीबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. अखेर संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या आदर्श कायद्याच्या आधारे १९९६ चा कायदा आला व निवाड्यास हुकूमनाम्याप्रमाणे बळ लाभले. तरीही विलंब पुरता न सरल्याने २०१५ मध्ये निवाड्यास १२ महिन्यांची मुदत घालण्यात आली.

लवाद निवाडा देतो. मध्यस्थ निवाडा देत नाही, तो उभय पक्षांना समेटाप्रत नेतो. म्हणूनच लवादात एक जिंकतो व दुसरा हरतो, तर समेटात दोघेही आपल्या संमतीने उठतात. २०१८ च्या दुरुस्तीने, तातडीची दाद मागितलेली नसल्यास, वाणिज्यिक दाव्यापूर्वी मध्यस्थीची पायरी घालून दिली. ती बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. २०२३ मध्ये संसदेने स्वतंत्र मध्यस्थी कायदाही संमत केला.

दोन शतकांच्या या वाटचालीचे सार एकच. राजीनाम्याच्या कागदाला वजन होते ते त्यामागील संमतीमुळे. कायदा निवाड्याला बळ देऊ शकतो. पण पंचाची निःपक्षता आणि दिलेला शब्द पाळण्याची वृत्ती व्यापाऱ्याने स्वतःच जपावी लागते. ती असेल तर तंटा मिटतो आणि पेढीचे संबंधही टिकतात. नसेल तर उत्तमातील उत्तम कायदाही दाव्याची आणखी एक पायरी ठरतो.