सोलापूरचा मार्शल लॉ, 1930

सोलापुरात 12 मे 1930 रोजी लष्करी कायदा जारी झाला आणि 30 जूनपर्यंत चालला. सविनय कायदेभंग देशभर पेटला होता, पण मार्शल लॉचा आधार सरकारने सर्वांत आधी घेतला तो या गिरणगावात.

शहराचा कणा कापडाचा होता. 1877 साली निघालेली जुनी मिल, तिच्यामागून आलेल्या नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आणि घरोघरचे हातमाग यांवर मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारी वस्ती पोसली जात होती. चळवळ इथे अशा सर्व पेठांतून एकदम पसरली. 6 एप्रिलला नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला होता. 5 मेच्या पहाटे गांधीजींना अटक झाल्याची बातमी येताच वातावरण तापले.

8 मे रोजी रूपाभवानी परिसरात लोकांनी शिंदीची झाडे तोडली. शिंदी म्हणजे दारू आणि तिच्यातून मिळणारा अबकारी महसूल, म्हणून ही झाडतोड म्हणजे थेट सरकारी तिजोरीवरचा घाव होता. पोलिसांनी काहींना धरले, जमाव जमला, कलेक्टर नाईट घटनास्थळी आले. स्थानिक नेते मल्लप्पा धनशेट्टी जमावाला शांत करत होते. तरीही गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. त्यानंतर मात्र जमाव कुणाला आवरेना. मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जळाली, दोन पोलीस ठार झाले, कोर्टाच्या इमारतीलाही आग लावली गेली.

पोलीस शहरातून मागे घेतले गेले. 9 ते 11 मे या तीन दिवसांत रस्त्यांवरची व्यवस्था काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते. सरकारला जाळपोळीपेक्षा हीच गोष्ट अधिक झोंबली असावी. पोलिसांवाचून शहर चालू शकते, हे दिसून गेले होते.

नंतरची दडपशाही या दृष्टीने पाहिली की तिची संगती लागते. सैन्याचा राग झेंड्यावर आणि गांधी टोपीवर होता. टोपी घातलेला माणूस रस्त्यावर अडवला जाई. नगराध्यक्ष माणिकचंद शहा, रामकृष्ण जाजू, ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना शिक्षा झाल्या. झेंड्याचे हे भय सोलापूरपुरते नव्हते. त्याच सुमारास प्रभात कंपनीच्या शिवकालीन मूकपटावर सेन्सॉरने हरकत घेतली. ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव बदलून ‘उदयकाल’ करावे लागले आणि किल्ल्यावर झेंडा चढवण्याच्या शेवटच्या दृश्यालाही कात्री लागली. सतराव्या शतकातला, तोही पडद्यावरचा झेंडा सरकारला खपत नव्हता.

मेच्या मध्यावर व्हाईसरॉय आयर्विन यांनी खास वटहुकूम काढून मार्शल लॉला कायद्याचे कवच दिले. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले, तेव्हा लष्करी कायद्याची गरज खरोखर होती का, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, ही भूमिका चनप्पा शांतीरप्पा खटल्यात मांडली गेली. तत्त्व म्हणून ती मोलाची ठरली, पण शहराच्या पदरात तिच्यातून फारसे पडले नाही.

सर्वांत कठोर शिक्षा तर नेहमीच्या न्यायालयांतून आली, मार्शल लॉ उठल्यावर. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, व्यापारी श्रीकिसन सारडा, ‘गझनफर’ पत्राचे संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि तरुण कार्यकर्ते जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी ठोठावण्यात आली. कन्नड घरचा, मारवाडी, मुसलमान आणि मराठा अशी ती चार माणसे होती. त्यातही 8 मेला जमावाला आवरू पाहणारे धनशेट्टी फासावर जावेत, हे या खटल्यावरचे सर्वांत बोचरे भाष्य आहे.

12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशीची अंमलबजावणी झाली. त्या दिवशी गांधीजी त्याच तुरुंगात बंदी होते. पंधरवड्याच्या आतच, 26 जानेवारीला, त्यांची सुटका झाली आणि 5 मार्चला गांधी-आयर्विन करार झाला. हिंसेचा आरोप नसलेल्या सत्याग्रहींच्या सुटकेची तरतूद त्यात होती. हे चौघे जिवंत असते तरी ती त्यांना लागू पडली नसती.

सोलापुरात या चौघांचे पुतळे आहेत, हुतात्मा स्मृती मंदिर आहे, आणि पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेसही त्यांच्याच नावाने धावते.